घरदुरुस्तीतील विलंब आणि मुदतीचा करार
न्हाणीघराची फरशी बदलणे किंवा भिंतीत खिडकी काढणे अशा किरकोळ कामांत, मोठ्या कामाचे बोलावणे येताच गवंडी वा सुतार लहान घरमालकास ताटकळत ठेवतो, हे खरे असले, तरी प्रत्येक विलंब कुचराईचा नसतो. ताज्या सिमेंटच्या गिलाव्यावर निदान ७ दिवस पाणी मारणे अगत्याचेच असते. मुदत ठरलेली नसेल, तर भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ४६ अन्वये काम वाजवी मुदतीत व्हावे लागते, परंतु ही वाजवी मुदत शाबीत करणे सामान्य माणसास फार जड जाते; म्हणून कामाची तारीख, आणि ती कराराचा गाभा असल्याचा स्पष्ट उल्लेख, विसार देण्यापूर्वीच लेखी घ्यावा. कलम ५५ तर विशेष ध्यानात ठेवावे: अशी मुदत उलटल्यावरही काम मुकाट्याने स्वीकारले, तर त्या विलंबाच्या नुकसानभरपाईचा हक्क बुडतो, सबब स्वीकारतानाच भरपाई मागणार असल्याची सूचना, शक्यतो लेखी, द्यावी.