हातातील कसब आणि मनातील उभारी

शालान्त परीक्षेचा निकाल लागला म्हणजे आमच्या कित्येक विद्यार्थ्यांची पावले औद्योगिक प्रशिक्षण संस्थांकडे, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या आयटीआयकडे, वळतात. ह्या संस्थांमागील कारागीर प्रशिक्षण योजना भारत सरकारने 1950 साली सुरू केली. फिटरचा शिक्षणक्रम दोन वर्षांचा, वेल्डरचा एक वर्षाचा. मुदत थोडी, आणि पदरी पडते ती पोटापाण्यास उपयोगी पडणारी विद्या. असे असता काही विद्यार्थी ती अर्ध्यावर टाकून घरी का परततात, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

'मुलगा आळशी निघाला' असे म्हणून लोक मोकळे होतात. आम्हीही एके काळी असेच म्हणत होतो. आमच्या परिचयाचा एक मुलगा फिटरच्या वर्गात दाखल झाला आणि तिसऱ्या महिन्यात त्याने जाणे सोडले. चौकशी करता कळले, की पहाटे चारला उठून तो पहिली एसटी गाठीत असे आणि दुपारी बहुधा उपाशीच राही. कार्यशाळेत आरंभी कित्येक दिवस लोखंडाचा तुकडा कानशीने घासून सपाट करावा लागतो. गुण्या लावून तो उजेडासमोर धरला, की जेथून प्रकाशाची फट दिसते तेथे अजून काम बाकी आहे असे समजावे. ह्या मुलाच्या तळहातास फोड आले, पण फट मिटेना. एके दिवशी सर्वांदेखत 'तुझ्या हातून काही व्हायचे नाही' असे शब्द त्याच्या कानी पडले. त्यानंतर तो घरून नित्याप्रमाणे निघे आणि दिवस एसटी स्थानकावर काढी. 'अरे, कोणाजवळ बोलला का नाहीस?' असे विचारता तो एवढेच म्हणाला, 'कोणाला सांगायचे?' त्याचे ते वर्ष गेले ते गेलेच.

ह्यात आळस कोठे होता? उपाशी पोट, अपुरी झोप, चारचौघांत झालेला उपमर्द आणि एकटेपणा ह्या चार गोष्टी एकत्र आल्या. व्हिन्सेंट टिंटो ह्या अमेरिकन विद्वानाने 1975 साली महाविद्यालयांतील गळतीविषयी लिहिताना असे प्रतिपादिले, की विद्यार्थी तेथील अभ्यासाशी व तेथील माणसांशी किती जोडला जातो, ह्यावर त्याचे टिकणे पुष्कळसे अवलंबून असते. आपल्याकडे हे मर्म कर्त्या पुरुषांनी फार पूर्वीच ओळखिले होते. राजर्षी शाहू महाराजांच्या कोल्हापुरात 1901 साली मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले; कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह उघडले. खेड्यातील मुलाला पुस्तकाबरोबर भाकरी, निवारा आणि सोबती मिळाले, तरच तो शिकेल, हे त्यांनी जाणिले होते.

मग उपाय काय? आमच्या मते ते फारसे खर्चाचे नाहीत. पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक असतात. त्या काळात प्रत्येक नव्या मुलाला वरच्या वर्गातील एक सोबती नेमून द्यावा. सलग तीन दिवस कोणी गैरहजर राहिला, तर दंडाची भाषा करण्यापूर्वी 'बरा आहेस ना?' असे विचारावे. दुपारच्या जेवणाची, प्रवासाच्या सवलतीची आणि वसतिगृहाची माहिती प्रवेशाच्याच दिवशी द्यावी. पुष्कळ मुलांना ती मागण्याचीही लाज वाटते. मन फारच खचले असेल, तर 2022 सालापासून सरकारची 'टेली मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा 14416 ह्या क्रमांकावर उपलब्ध आहे. तेथे मराठीतही बोलता येते.

येथे कोणी शंका घेईल, की अशा मायेने शिस्त ढिली होईल. आम्हांस तसे वाटत नाही. गुण्या कोणाचीही भीड धरीत नाही; फट आहे तोवर काम पुरे नाही, हे त्या मुलास सांगितलेच पाहिजे. मात्र 'तुला जमणार नाही' आणि 'अजून जमले नाही, येथे पुन्हा घास' ह्या दोन वाक्यांत पुष्कळ अंतर आहे. शिवाय झोपेने डोळे मिटत असलेला मुलगा चालू यंत्रापाशी उभा राहिला, तर त्याच्या हातालाच धोका. तेव्हा त्याच्या प्रकृतीची विचारपूस हाही शिस्तीचाच भाग होय.

पालकांसही एक विनंती. 'मार्क कमी पडले म्हणून तिकडे गेला' हे उद्गार घरात निघू नयेत. ज्या विद्येची घरीच किंमत नाही, तिच्यासाठी पहाटे चारला कोण उठेल?

आमच्या विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी काहीजण लवकरच त्या कार्यशाळेत उभे राहतील. शेजारच्या बाकावरील सोबती दोन दिवस दिसला नाही, तर तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी जा. आमच्या त्या मुलाकडे कोणी गेले नाही. तुमच्या सोबत्याकडे तुम्ही अवश्य जावे.