वाफ एंजिनांचे पुनरुज्जीवन, अरुंदमापी

सेवेतून निवृत्त झालेले अरुंदमापी रूळमार्गावरील वाफ एंजिन पूर्णपणे सुटे करून, झिजलेले भाग दुरुस्त करून किंवा बदलून ते पुन्हा वाफेवर चालण्याजोगे करण्याच्या कामास पुनरुज्जीवन म्हणतात. केवळ प्रदर्शनासाठी केलेल्या डागडुजीहून हे काम मूलतः वेगळे असते.

रुंदमापी एंजिनास मोठा कारखाना लागतो. परंतु खाणी व मळे यांतील लहान अरुंदमापी एंजिनांचे वजन पुष्कळदा ५ ते १० टनच असल्याने ती घरगुती कर्मशाळेतही हाताळता येतात. वेल्समधील टॅलिलिन हा ६८६ मिमी. मापाचा रूळमार्ग १९५१ पासून स्वयंसेवकांनी चालविण्यास घेतला व त्यानंतर ब्रिटनमध्ये ही चळवळ वाढली. लीस्टरशर परगण्यातील केडबी येथील पाद्री टेडी बॉस्टन यांनी १९१९ साली बॅग्नल कंपनीने बांधलेले ‘पिक्सी’ हे एंजिन १९६२ मध्ये मिळवून आपल्या निवासाच्या बागेत ६१० मिमी. मापाच्या रुळांवर चालविले. दार्जिलिंग हिमालयन (१८८१) व नेरळ–माथेरान (१९०७) हे भारतातील रूळमार्गही याच मापाचे आहेत.

प्रथम प्रत्येक भागास क्रमांक देऊन छायाचित्रे व मापे नोंदवितात. जुन्या उष्णतानिरोधक आवरणात ॲस्बेस्टस असण्याचा संभव असल्याने ते तज्ञांकडूनच काढवावे लागते. नंतर बाष्पित्र चौकटीवरून उचलून त्यातील नळ्या काढतात आणि पत्र्यांची जाडी श्राव्यातीत तरंगांनी मोजतात. संक्षारण मुख्यतः अग्निपेटीच्या तळाशी, जेथे गाळ साचतो तेथे, आढळते.

सिलिंडर झिजून लंबवर्तुळाकार झाले असल्यास आतून पुन्हा कातून त्यांना मोठी दट्ट्याकडी बसवितात. सरक झडपांचे पृष्ठभाग सपाट करतात व धारव्यांत नवी पांढरी धातू ओततात. चाके कातण्यास मोठा लेथ लागत असल्याने ती बहुधा बाहेर पाठवितात.

बाष्पित्राची दुरुस्ती मात्र हौशी कारागिराने स्वतः करणे धोक्याचे असते. त्यातील रिव्हेटकाम व वितळजोडकाम अर्हताप्राप्त कारागिराकडून करवून घेतात. दुरुस्तीनंतर प्रथम जलचाचणी घेतात. तीत सामान्यतः कार्यकारी दाबाच्या सु. दीडपट दाब देतात. पाणी जवळजवळ असंपीड्य असल्याने त्यात अल्पच ऊर्जा साठते. त्यामुळे पत्रा फाटला, तरी केवळ गळती होते. याउलट वाफेच्या दाबाखाली तसेच घडल्यास तप्त पाण्याची क्षणार्धात वाफ होऊन भीषण स्फोट होतो. म्हणून जलचाचणीत निर्दोष ठरल्यावरच बाष्पित्र पेटवून सुरक्षा झडपांची वाफेवर चाचणी घेतात. ब्रिटनमध्ये दाबयुक्त यंत्रणांविषयीच्या २००० सालच्या नियमांनुसार सक्षम तपासनिसाकडून ठराविक काळाने तपासणी करून घेणे बंधनकारक आहे.

एंजिन चालविण्यासाठी जितके भाग बदलावेत, तितका त्याचा मूळ ऐतिहासिक पुरावा नष्ट होतो. यामुळे बदललेले भाग जपून ठेवण्याची व प्रत्येक फेरबदलाची लेखी नोंद करण्याची पद्धत इष्ट मानतात. अतिदुर्मिळ एंजिन न पेटविता जतन करणे हेच कधीकधी श्रेयस्कर ठरते.