श्रमपरिहारक स्नान आणि घरची मसाल्याची बाग

आषाढ सरत आला, लावणी उरकली, औतें धुऊन पडवींत उभीं राहिलीं, कीं कोंकणांतील शेतकऱ्यास आपल्या अंगाची आठवण होते. महिनाभर वांकून पाठ ताठलेली असते, पोटऱ्या भरून आलेल्या असतात आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या पडलेल्या असतात. अशा वेळीं घरांतील वडील माणसें न्हाणीच्या चुलीवर हंडा चढवून त्यांत निगडीचा पाला टाकीत आलीं आहेत. ही चाल जुनी खरी. परंतु तिच्यांत उपयुक्त काय, निरर्थक काय आणि अपायकारक काय, याचा विचार शेतकरी बंधूंनीं एकदां केला पाहिजे.

उदाहरणादाखल चिपळूण तालुक्यांतील पोफळी हें गांव घेऊं. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याचें हें गांव. नांवच सुपारीच्या झाडाचें. या भागांत दरसाल ३,००० मिलिमीटरांवर पाऊस पडतो. शिवाय इ. स. १९६२ पासून कोयनेचें पाणी सह्याद्रीच्या पोटांतून येऊन येथील भूमिगत वीजगृहाचीं यंत्रें फिरवितें व पुढें वाशिष्ठीस मिळतें. तेव्हां पावसाळ्यांत येथें तोटा पाण्याचा नाहीं, कोरड्या सरपणाचा आहे. मोठ्या कष्टानें तापविलेल्या हंड्याचें चीज व्हावें, हाच या लेखाचा हेतु होय.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. स्नानानें जो शीण जातो, त्याचें मुख्य श्रेय पाण्याच्या उबेस, तेलाच्या मर्दनास आणि मागाहूनच्या विसाव्यास आहे. वाग्भटानें ‘अष्टांगहृदयां’त अभ्यंग नित्य करावा व डोकें, कान आणि पाय यांकडे विशेष लक्ष द्यावें, असें सांगितलें आहे. पाला व मसाला यांनीं सुवास येतो, मन निवतें. परंतु मर्दन वगळून नुसता मसाला ओतल्यानें कांहीं साधत नाहीं.

आतां जिन्नस पाहूं. निगड ऊर्फ निर्गुडी ही ओढ्याच्या कांठीं आपोआप वाढते आणि गुरें तिला सहसा तोंड लावीत नाहींत. म्हणून कुंपणास ती उत्तम. दोन ओंजळी ताजा पाला पांच लिटर पाण्यांत पंधरा मिनिटें झांकून उकळावा, गाळावा व तें पाणी स्नानाच्या पाण्यांत मिसळावें. झांकण ठेवणें अगत्याचें. कारण पाल्यांतील सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जातें.

दुसरा जिन्नस दालचिनीचा. येथें पुष्कळजण चूक करतात. साल ही विकावयाची वस्तु; ती हंड्यांत टाकणें म्हणजे पैसा पाण्यांत टाकणें होय. शिवाय सालींतील तेल त्वचेस झोंबतें व नाजूक अंगावर पुरळ उठवितें. पाला निराळा. त्यांत लवंगेसारखा वास देणारें तेल असतें, आणि साल काढण्यासाठीं फांद्या छाटल्या म्हणजे तो ढिगानें शिल्लक राहतो. सावलींत वाळवून डब्यांत भरून ठेवला, तर कांहीं स्वयंपाकास व कांहीं स्नानास वर्षभर पुरतो. स्नानास सात-आठ पानें पुष्कळ झालीं. लवंग, जायफळ व मिरीं मात्र बाजाराचीं. त्यांस न्हाणींत काम नाहीं. विशेषतः मिरीं व सुंठ खरचटलेल्या अंगास आग लावतात.

हळदीविषयींहि असाच गैरसमज आहे. हळदीचें पिवळें द्रव्य पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं, तेलांत विरघळतें. म्हणून हळद हंड्यांत न टाकतां खोबरेल तेलांत चिमूटभर कालवून अंगास चोळावी. मुका मार लागला असेल तेथें आंबेहळद उगाळून लावण्याची चाल आहेच.

तिसरा जिन्नस ऐकून कित्येकांस हंसूं येईल. ज्या लव्हाळ्यास आपण खुरपतांना शिव्या देतों, त्याच्या गांठी सुवासिक असतात. दिवाळीच्या उटण्यांतील नागरमोथा त्याच्याच जातकुळीचा. या गांठी धुऊन, वाळवून कुटाव्या आणि मसुरीचें पीठ, आंबेहळद, वाळा व कपूरकाचरी यांच्या चूर्णांत मिसळाव्या. घरचें उटणें तयार होतें. नरकचतुर्दशीस पहांटे अंगणांत कारीट फोडून आपण अभ्यंगस्नानास बसतों. त्या दिवशींचें उटणें तरी विकत आणूं नये.

चिखल्यांविषयीं थोडें सांगतों. त्यांस औषधी पाण्याहून कोरडेपणाची गरज अधिक आहे. पाय कोमट पाण्यानें धुऊन प्रत्येक बेचकें फडक्यानें टिपावें, मग हळद घातलेलें खोबरेल लावावें. चिरा खोल असतील, पू झाला असेल किंवा मधुमेहाचा विकार असेल, तर घरगुती उपायांवर विसंबूं नये. मधुमेह्यांचे पाय पुष्कळदां बधिर असतात. त्यांनीं पाण्याची ऊब पायानें न अजमावतां दुसऱ्याच्या हातानें अजमावून घ्यावी.

यापुढील सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. लावणीच्या दिवसांत येणारी प्रत्येक अंगदुखी श्रमाचीच असते, असें नाहीं. उंदीर-घुशींच्या मूत्रानें दूषित झालेल्या चिखलांतून, पायांच्या चिरांवाटे लेप्टोस्पायरोसिस हा रोग शरीरांत शिरतो. त्यांत एकाएकीं ताप भरतो, डोकें दुखतें, पोटऱ्या हात लावूं देत नाहींत, डोळे लाल होतात. पुढें कावीळ होऊन मूत्रपिंडेंहि निकामी होतात. वेळीं औषध मिळाल्यास रोगी बरा होतो. परंतु ‘लावणीचा शीण आहे, निगडीचें पाणी घेतलें कीं उतरेल’ असें म्हणून दोन-चार दिवस घालविले, तर प्राणावर बेततें. म्हणून नियम असा ठेवावा: ताप नसेल तर हंडा तापवावा, ताप असेल तर सरकारी दवाखाना गांठावा, आणि आपण शेतांत राबत होतों हें डॉक्टरांस आवर्जून सांगावें.

राहतां राहिला लागवडीचा प्रश्न. रत्नागिरीजवळ भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्रानें नारळाच्या बागेंत दालचिनी, जायफळ, मिरी इत्यादि मसाल्याचीं झाडें लावण्याची पद्धत ‘लाखी बाग’ या नांवानें प्रसृत केली आहे. दालचिनीची ‘कोंकण तेज’ ही जात दापोलीच्या कृषि विद्यापीठाची. अशी बाग ज्यांची आहे त्यांस पाल्याची ददात नाहीं. ज्यांची नाहीं, त्यांनीं पावसाच्या आरंभीं निगडीचीं वीतभर खोडें कुंपणाच्या कडेनें खोंचावीं आणि बांधाच्या उतारावर वाळ्याचे ठोंब लावावे. वाळ्याच्या मुळ्या खोल जाऊन बांध धरून ठेवतात; मात्र सर्व मुळ्या खणून बांध उघडा पाडूं नये, आलटून पालटून काढाव्या.

सारांश, साल विकावी व पाला ठेवावा. हळद तेलांत घालावी, पाण्यांत नव्हे. आणि अंग तापलें असतां हंड्याआधीं दवाखाना पाहावा. वर्षभर जें शरीर शेतास राबतें, त्यास एका हंड्याचें ऊन पाणी व घटकाभर विसावा देणें हा चैनीचा भाग नव्हे. बैलास काम सुटल्यावर ओढ्यावर नेऊन धुणारा शेतकरी स्वतःच्या देहाची तेवढीहि बूज न राखील, तर तें शहाणपणाचें होणार नाहीं.