रक्त सुधारले, नसांचे काय?

गरोदर बायकांना होणाऱ्या एका जीवघेण्या रक्तक्षयाचा माग काढायला १९२८ साली डॉ. ल्युसी विल्स इंग्लंडहून मुंबईत आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांत तो अधिक आढळे. तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या दिसत. जंतूंच्या शोधात हाती काही लागेना, तेव्हा विल्स यांनी या बायकांच्या ताटात काय पडते ते पाहिले. उतारा मिळाला तो मार्माइटमध्ये, म्हणजे बिअर करून उरलेल्या यीस्टच्या स्वस्त अर्कात! त्यातला गुणकारी पदार्थ म्हणजे फोलेट. १९४१ मध्ये तो पालकातून वेगळा केला गेला आणि ‘पान’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव पडले.

जीवनसत्त्वांच्या यशाची ही कथा आहेच, पण आपल्या कामाचा आहे तो तिचा उत्तरार्ध. फोलेटचे कृत्रिम रूप, म्हणजे फोलिक अ‍ॅसिड, मिळू लागल्यावर डॉक्टरांनी ते तशाच मोठ्या पेशींच्या दुसऱ्या एका रक्तक्षयावर देऊन पाहिले. रक्त सुधारले; नसांचा ऱ्हास मात्र चालूच राहिला. त्या रुग्णांत उणीव होती बी-१२ या दुसऱ्या जीवनसत्त्वाची. नव्या पेशींचा डीएनए घडायला फोलेट लागते आणि शरीरात अडकून पडलेले फोलेट मोकळे करायला बी-१२. फोलिक अ‍ॅसिड बाहेरून भरपूर आले की रक्ताचे अडलेले काम भागते, पण नसांवरचे आवरण राखायला बी-१२ला पर्याय नाही. जीवनसत्त्व म्हणजे ताकदीचे औषध, ही समजूत इथेच फसते. एकाची रेलचेल दुसऱ्याची उणीव झाकते.

पाण्यात विरघळणारे जीवनसत्त्व जास्त झाले तर लघवीवाटे जाते, मग बिघडले कुठे, असे विचारले जाते. बिघडते ते असे, की उणीव वेळेवर कळत नाही. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या मातांच्या अभ्यासात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाला आणखी एक गोष्ट दिसली. ज्या मातांत फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांचे शरीर सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होते. हा संबंध आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. गरोदरपणातली फोलिक अ‍ॅसिडची गोळी बंद करावी, असाही याचा अर्थ नाही. आधीच्या बाळात मज्जारज्जूचे जन्मजात व्यंग असलेल्या मातांना ती गर्भधारणेच्या सुमारास दिल्यास व्यंग पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो, हे १९९१च्या चाचणीत सिद्ध झाले आहे. शाकाहारात बी-१२ कमी पडते म्हटले, की आपले पूर्वज शाकाहारावरच जगले, असा आक्षेप येतो; तोही अर्धाच खरा. बी-१२ फक्त सूक्ष्मजीव बनवतात. शाकाहाऱ्यांना ते मिळते मुख्यतः दूधदुभत्यातून. यकृतातला साठा काही वर्षे पुरत असल्याने तुटवडाही उशिरा जाणवतो. तेव्हा शाकाहारी असाल आणि तळपायांना मुंग्या येत असतील, तर मल्टिव्हिटॅमिनची बाटली उघडण्याआधी बी-१२ तपासून घ्या.