परमुलखातला सण

डिसेंबरच्या अखेरीस लांज्यात पहाटे अंगावर शाल घ्यावीशी वाटते आणि दहाच्या सुमारास ती नकोशी होते. आंब्याला मोहोर येऊ लागलेला असतो. भात केव्हाच घरात आलेले असते. याच दिवसांत नाताळ येतो. दुकानातल्या भेटकार्डांवर मात्र बर्फाने झाकलेली घरे असतात, आणि शोभेच्या झाडावर हिम म्हणून कापूस चिकटवलेला असतो. ही विसंगती आपल्याला गमतीची वाटते. थंड प्रदेश सोडून उष्ण देशात संसार थाटलेल्या कुटुंबाला मात्र ती चटका लावून जाते. वडीलधाऱ्यांना शेकोटी आणि हिम आठवत असते. इथे वाढलेल्या मुलांनी यांपैकी काहीच पाहिलेले नसते. मग सण म्हणून त्यांच्या हाती नेमके काय द्यावयाचे?

इतिहासात या प्रश्नाची दोन उत्तरे आढळतात. पहिले इंग्रज अधिकाऱ्यांचे. त्यांनी शक्य तितका मायदेश बरोबर आणला. विलायतेहून आलेल्या डबाबंद जिनसांची मेजवानी आणि क्लबातले नृत्य यांत त्यांचा नाताळ साजरा होई. एतद्देशीयांचा त्याच्याशी संबंध मुख्यतः बंगल्यावर नजराणा म्हणून पोचवावयाच्या फळांच्या ‘डाली’पुरता. ज्या परंपरेचा हा अट्टहास होता, तिच्यातले पुष्कळसे फार जुनेही नव्हते. व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचे शृंगारलेल्या झाडाभोवतीचे चित्र लंडनच्या साप्ताहिकात छापले गेले ते १८४८ साली. विक्रीसाठी छापलेले पहिले नाताळकार्ड १८४३ सालचे. स्कॉटलंडमध्ये तर २५ डिसेंबरला सार्वजनिक सुटी मिळू लागली ती १९५८ पासून. अर्थात घरची आठवण खरी होती, आणि परदेशात लेकरे वाढविणाऱ्या आईबापांच्या त्या व्याकुळतेला हसण्याचे कारण नाही. परंतु दारे लावून साजरा केलेला सण त्या दारांबाहेर फारसा गेला नाही.

दुसरे उत्तर गोव्यात सापडते. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ साली तेथे उतरला आणि १६१९ मध्ये तेथेच निवर्तला. या चाळीस वर्षांत त्याने इथली भाषा आत्मसात केली, आणि ख्रिस्ताच्या जन्माची व चरित्राची कथा सांगावयाची वेळ आली तेव्हा मराठी पुराणांची ओवी हाती घेतली. १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापलेल्या त्याच्या ‘क्रिस्तपुराणा’त सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. हे कार्य धर्मप्रसारासाठी होते, आणि ज्या सत्तेच्या छायेत ते झाले तिने त्याच साष्टीत देवळे जमीनदोस्त केली होती, हे विसरून चालणार नाही. तरीही भाषेपुरते पाहिले तर पाहुण्याने यजमानाची बोली शिकून आपली गोष्ट सांगितली, हे मान्य करावे लागते.

पुढे सामान्य ख्रिस्ती कुटुंबांनी हेच काम चुलीपाशी केले. गोव्याच्या नाताळाच्या ताटात आपल्या करंजीची सख्खी बहीण असलेली नेवरी असते. नारळाचा रस आणि गूळ घालून घोटलेले दोदोल असते. हे ताट शेजारी, अन्य धर्मीयांच्या घरीही, जाते. खुद्द ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज. तो परका आहे याची आज कोणाला आठवणही होत नाही.

हा विषय लांज्याला दूरचा वाटू नये. १८३४ नंतर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर नेले जाऊ लागले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली, रत्नागिरी परिसरातली माणसेही होती. तिथला भाद्रपद म्हणजे सरत्या हिवाळ्याचे दिवस. कोकणातला पाऊस तिथे नाही, तेरड्याची गौर सजवण्याइतके रान फुललेले नाही. मराठी वंशजांपैकी अनेकांच्या घरात आता क्रेओल बोलली जाते. तरी गणपती येतो, आणि गणेशचतुर्थी हा त्या देशात सार्वजनिक सुटीचा दिवस आहे. ऋतू मागे राहिला, भाषाही बरीचशी निसटली, पण सण टिकला. त्याने त्या बेटावर सर्वांच्या पंचांगात आपली जागा मिळवली.

आज आपल्या तालुक्यातल्या कित्येक घरांतली मुले आखातात किंवा त्याहून दूर संसार करीत आहेत. इथली आई फोनवर सोवळ्याओवळ्याची यादी सांगते, तिथली सून सामान मिळत नाही म्हणून खंतावते, आणि नातवंडे हा सण कोणाचा अशा नजरेने पाहत राहतात. ‘आपल्याकडे असे नसते’ हे वाक्य त्यांना शंभरदा ऐकविण्यापेक्षा, तिथे मिळेल त्या फुलांची आरास त्यांच्याच हातून करवावी आणि मोदकांचे ताट घेऊन त्यांना शेजाऱ्याकडे पाठवावे. त्या शेजाऱ्याने आपुलकीने दार उघडावे, अशी आपली अपेक्षा असते. तीच अपेक्षा घेऊन एखादे परदेशी कुटुंब नाताळाच्या दिवशी आपल्या दाराशी आले, तर त्याला उंबऱ्यावर उभे ठेवणे आपल्याला शोभणार नाही.