अण्वस्त्रे आणि युद्धनीती : रूढ समजुती आणि वस्तुस्थिती

युद्धात अणुबाँब प्रत्यक्ष वापरल्याची उदाहरणे दोनच आहेत, ६ ऑगस्ट १९४५ चे हिरोशिमा आणि ९ ऑगस्ट १९४५ चे नागासाकी. तरीही या दोन घटनांविषयीच्या समजुती इतक्या घट्ट बसल्या आहेत की अण्वस्त्रांच्या नैतिकतेची चर्चा बहुधा तेथूनच सुरू होते आणि तेथेच अडकते. पुण्याला तर हा विषय परका म्हणता येणार नाही. १९७४ च्या पोखरण अणुचाचणीतील स्फोटक यंत्रणेच्या कामात वामन दत्तात्रेय पटवर्धन या पुण्यातील स्फोटकतज्ज्ञांचा वाटा होता, आणि त्याआधी अठ्ठावीस वर्षे याच शहरात बसून महात्मा गांधींनी अणुबाँबवरील आपला सर्वांत परखड लेख लिहिला होता.

हिरोशिमा हा लष्करी तळ होता आणि म्हणून ते वैध लक्ष्य होते, हा युक्तिवाद अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी बाँबहल्ल्यानंतर तीनच दिवसांनी नभोवाणीवरून मांडला आणि तो आजही जसाच्या तसा ऐकू येतो. त्यात तथ्याचा अंश आहे, कारण पश्चिम जपानच्या संरक्षणाची जबाबदारी असलेल्या सेनेचे मुख्यालय तेथे होते. मात्र वैमानिकांनी नेम धरला होता तो शहराच्या मध्यभागी असलेल्या, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या आइओइ पुलावर; नेम थोडा चुकला आणि बाँब शिमा नावाच्या एका खासगी रुग्णालयावर, जमिनीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर फुटला. त्या सकाळी आगप्रतिबंधक मोकळे पट्टे तयार करण्यासाठी घरे पाडण्याच्या कामावर बारा-तेरा वर्षांची हजारो शाळकरी मुले जुंपलेली होती आणि त्यांपैकी सुमारे सहा हजार मरण पावली. युद्धविषयक कायद्यात ज्याला भेदतत्त्व म्हणतात, म्हणजे सैनिक आणि नागरिक, लष्करी ठाणे आणि वस्ती यांत फरक करण्याचे बंधन, त्याचा प्रश्न येथे उभा राहतो. शहरात मुख्यालय आहे म्हणून सारे शहर लष्करी तळ ठरत असेल, तर दक्षिण मुख्यालय, खडकीचा दारूगोळा कारखाना आणि लोहगावचा हवाई तळ यांच्यामुळे पुण्यातली प्रत्येक पेठ लष्करी तळच ठरेल, आणि हे कोणत्याही पुणेकराला मान्य होण्यासारखे नाही.

बाँबमुळेच युद्ध संपले आणि त्यामुळे लक्षावधी प्राण वाचले, हा समज अधिक खोल रुजलेला आहे. जपानच्या सम्राटाने १५ ऑगस्टला शरणागती जाहीर केली आणि त्या घोषणेत नव्या, क्रूर शस्त्राचा उल्लेख होता, ही गोष्ट खरी. पण ८ ऑगस्टला सोव्हिएत संघाने जपानविरुद्ध युद्ध पुकारले आणि दुसऱ्याच दिवशी मांचुरियात फौजा घुसवल्या, ही गोष्टही तितकीच खरी, आणि दोहोंपैकी कोणता धक्का निर्णायक ठरला याविषयी इतिहासकारांत आजही एकमत नाही. खुद्द अमेरिकी सरकारने नेमलेल्या सामरिक बाँबहल्ला सर्वेक्षणाने १९४६ मध्ये असे मत नोंदवले की अणुबाँब टाकले नसते तरी जपान १९४५ संपण्यापूर्वी निश्चितपणे शरण आला असता. हे मत घटना घडून गेल्यानंतरचे असल्यामुळे ते अंतिम मानण्याचे कारण नाही. तरीही वाचलेल्या प्राणांचा आकडा हा अंदाज आहे आणि गेलेल्या प्राणांचा आकडा प्रत्यक्ष झालेल्या मृत्यूंचा आहे, एवढा फरक तरी हिशेब मांडणाऱ्याने लक्षात ठेवायला हवा : १९४५ च्या अखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार आणि नागासाकीत ७० हजारांच्या आसपास माणसे मरण पावली, आणि त्यांत जपानने मजुरीसाठी आणलेले हजारो कोरियनही होते.

परिणामांबाबतचे गैरसमज दोन टोकांचे आहेत. एका टोकाला अणुबाँब म्हणजे केवळ मोठा बाँब असे मानले जाते आणि दुसऱ्या टोकाला हिरोशिमा अजून ओसाड आहे, तेथे गवतही उगवत नाही असे सांगितले जाते. हिरोशिमा आज सुमारे बारा लाख वस्तीचे नांदते शहर आहे. स्फोट हवेत उंचावर झाल्याने आगीचा गोळा जमिनीला टेकला नाही, किरणोत्सारी धूळ तुलनेने कमी पडली आणि जमिनीतील किरणोत्सार लवकर ओसरला. हाच बाँब जमिनीवर फुटला असता तर चित्र वेगळे झाले असते. पण शहर सावरले म्हणून माणसे सावरली असे होत नाही. वाचलेल्यांत काही वर्षांतच रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण वाढले, इतर कर्करोग पुढील कित्येक दशके दिसत राहिले, आणि स्फोटाच्या वेळी आईच्या पोटात असलेल्या काही बालकांच्या मेंदूची वाढ खुंटली. मात्र हल्ल्यानंतर गर्भधारणा होऊन जन्मलेल्या मुलांमध्ये आनुवंशिक विकृती वाढल्याचे दीर्घकालीन अभ्यासांत सिद्ध झालेले नाही. तरीही त्या भीतीने वाचलेल्यांची लग्ने मोडली, हा शारीरिक नसला तरी शस्त्राचाच परिणाम होय.

हिरोशिमात सुमारे दोन किलोमीटर त्रिज्येचा भाग जळून खाक झाला. शनिवारवाडा मध्य धरून तेवढे वर्तुळ नकाशावर काढले तर बहुतेक जुन्या पेठा, मंडई, महापालिका भवन आणि रास्ता पेठेतील केईएम रुग्णालय त्यात येतात, आणि ससून रुग्णालय कडेवर सापडते. भाजलेल्या हजारो माणसांवर उपचार करणारी यंत्रणाच अशा वेळी आधी कोसळते. हिरोशिमातही डॉक्टर आणि परिचारिकांपैकी बहुसंख्य मृत किंवा जखमी झाले होते. भौतिकशास्त्रज्ञ एम. व्ही. रमणा यांनी १९९९ मध्ये मुंबईविषयी केलेल्या अभ्यासात हिरोशिमाएवढ्या, म्हणजे पंधरा किलोटनांच्या (पंधरा हजार टन टीएनटी या स्फोटकाइतक्या शक्तीच्या) एका बाँबने दीड लाखांपासून आठ लाखांहून अधिक मृत्यू संभवतात असे दाखवले. या आकड्यांतले मोठे अंतर मुख्यतः बाँब किती दाट वस्तीवर पडतो यामुळे आहे.

अणुबाँबच्या भीतीने जगात शांतता येईल, अर्थात हे शस्त्रच अहिंसेचे काम करील, हा विचार शीतयुद्धातला मानला जातो. वस्तुतः तो १९४६ मध्येच पुण्यात गांधींसमोर आला होता. २९ जूनच्या रात्री नेरळ-कर्जत दरम्यान रुळांवर ठेवलेल्या दगडांमुळे त्यांच्या गाडीला अपघात झाला, ते थोडक्यात बचावून पुण्याला पोहोचले आणि लगेच १ जुलैला त्यांनी 'हरिजन'साठी अणुबाँब आणि अहिंसा या विषयावर लेख लिहिला. काही अमेरिकी मित्रांचा हा युक्तिवाद त्यांनी तेथे खोडला : मिष्टान्नाने अजीर्ण झालेला खवय्या तेवढ्यापुरता ताटावरून उठतो आणि मळमळ ओसरताच दुप्पट भुकेने परततो, तसेच जगाचे होईल, असे त्यांचे म्हणणे होते. याचा अर्थ गांधी जपानची बाजू घेत होते असा काढला जातो, तोही चुकीचा आहे. जपानच्या दुष्कृत्यांचे समर्थन करण्याचा आपला हेतू नाही हे त्यांनी त्याच लेखात स्पष्ट केले आहे. संहार करणाऱ्या राष्ट्राच्या आत्म्याचे काय झाले हे कळायला अजून वेळ लागेल, हा त्यांचा शेरा मात्र आज भारतासह प्रत्येक अण्वस्त्रधारी देशाला लागू पडतो.

अण्वस्त्रांच्या वापराविषयी कायदाच नाही, हेही अर्धसत्य आहे. टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने ७ डिसेंबर १९६३ रोजी दोन्ही बाँबहल्ले तत्कालीन आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध होते असा निर्णय दिला, पण पीडितांची भरपाईची मागणी फेटाळली. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ८ जुलै १९९६ च्या सल्लागार अभिप्रायात असा वापर सर्वसाधारणपणे युद्धकायद्याच्या विरोधी ठरेल असे म्हटले, तेही सात विरुद्ध सात मते पडल्यावर अध्यक्षांच्या निर्णायक मताने. आणि राष्ट्राचे अस्तित्वच पणाला लागल्यास काय, हा प्रश्न मोकळा ठेवला. त्या प्रकरणात भारताने १९९५ मध्ये दिलेले निवेदन पुष्कळांच्या स्मरणात नाही : अणुहल्ल्याला अण्वस्त्राने दिलेले प्रत्युत्तरही मानवतावादी कायद्याच्या मूलभूत तत्त्वांचा भंग करील, असे भारताने तेथे मांडले होते.

आपले धोरण प्रथम वापर न करण्याचे असल्याने नैतिक प्रश्न सुटतो, ही समजूत या निवेदनासमोर टिकत नाही. प्रथम वापर न करण्याच्या वचनाने युद्धाचा धोका कमी होतो आणि म्हणून ते मोलाचे आहे. परंतु ४ जानेवारी २००३ रोजी जाहीर झालेल्या भारतीय अण्वस्त्र धोरणात प्रत्युत्तर प्रचंड आणि असह्य हानी करणारे असेल असे म्हटले आहे, रासायनिक किंवा जैविक हल्ल्यालाही अण्वस्त्राने उत्तर देण्याचा पर्याय राखून ठेवला आहे, आणि असह्य हानी ही लष्करी छावणीपुरती राहत नाही. १९९५ ची भूमिका आणि २००३ चे धोरण एकाच राष्ट्राची आहेत, आणि ती परस्परांशी जुळत नाहीत.