झाडतोडणी व छाटणीचा धंदा : यंत्र, सुरक्षितता आणि हिशेब



गळिताचा हंगाम जवळ आला की पाणंद रस्त्यावरच्या फांद्यांचा विषय दरवर्षी निघतो. भरलेली ट्रॉली बाभळीखालून जाताना वरच्या मोळ्या फांदीला अडकतात, ऊस वाटेत सांडतो आणि मागच्या गाड्या तटून राहतात. बांधावरच्या मोठ्या झाडाच्या सावलीत कडेच्या सऱ्यांचा ऊस बारीक राहतो, हे तर आपण सगळेच पाहतो. वळवाच्या पावसात झाड मोडून विहिरीवर नाहीतर गोठ्यावर पडतं. मग गावात 'कटर' कुणाकडे आहे, याची शोधाशोध सुरू होते.

पूर्वी हे काम कुऱ्हाड आणि दोघांनी ओढायची करवत घेऊन होत असे. आता पेट्रोलवर चालणारी चेनची करवत आली. तिलाच आपल्याकडे कटर म्हणतात. दिवसाचे काम ती तासात करते, म्हणून अनेक सभासदांची मुले ती घेऊन जोडधंदा करू पाहतात. धंदा चांगला आहे, भांडवलही फार लागत नाही. मात्र पिकात चूक झाली तर एक हंगाम जातो, इथे चूक झाली तर माणूस जातो. म्हणून धंदा करणाऱ्याने आणि काम देणाऱ्यानेही पुढील गोष्टी नीट समजून घ्याव्यात.

१) आधी परवानगी, मग करवत

आपल्या बांधावरचे झाड आपले, ते केव्हाही तोडावे, असा समज आहे. तो बरोबर नाही. महाराष्ट्र झाडे तोडणे (नियमन) अधिनियम १९६४ प्रमाणे ठराविक जातींची झाडे स्वतःच्या मालकीची असली तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, मोह, हिरडा, खैर, चंदन, ऐन, बिजा, हळदू या जाती त्या यादीत येतात. अर्ज कुठे व कसा करायचा, हे तलाठ्याकडे किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात समजेल. लाकूड गाडीत भरून नेण्यापूर्वी वाहतूक परवान्याचीही तेथेच चौकशी करावी. नगरपालिका हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा लागू आहे. रस्त्याकडेची झाडे सार्वजनिक बांधकाम विभागाची किंवा जिल्हा परिषदेची असतात, त्यांना परस्पर हात लावू नये.

झाड सामाईक बांधावर असेल तर शेजाऱ्याची लेखी संमती घ्यावी. तोंडी 'तोडा की' म्हणणारा शेजारी झाड पडल्यावर फिरतो आणि भाऊबंदकीत कटरवाला सापडतो.

२) यंत्र कोणते घ्यावे व कसे सांभाळावे

बांधावरच्या नेहमीच्या कामाला ४५ ते ६० सीसी इंजिन आणि १६ ते १८ इंच लांबीचे पाते पुरते. झाडावर चढून कापण्यासाठी हलके, लहान कटर वेगळे मिळते. मोठे कटर घेऊन झाडावर चढू नये. यंत्र घेताना पुढच्या दांडीजवळचा चेनचा ब्रेक नीट लागतो का, हे दुकानातच पाहावे. ब्रेक नसलेले किंवा ब्रेक काढून टाकलेले कटर स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. गावाजवळ सुटे भाग आणि मिस्त्री मिळेल, त्याच कंपनीचे घ्यावे.

कटरचे इंजिन टू-स्ट्रोक असते. नुसते पेट्रोल घातल्यास ते जाम होते. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल कंपनीने सांगितलेल्या प्रमाणातच मिसळावे. प्रमाण ५० ला १ असेल तर लिटरला २० मिली आणि २५ ला १ असेल तर ४० मिली ऑइल लागते. अंदाजाने ओतू नये, माप ठेवावे. चेनच्या ऑइलची टाकी वेगळी असते. पेट्रोल भरताना प्रत्येक वेळी तीही भरावी. कोरडी चेन पाते खाते.

चेन बोथट झाली हे भुशावरून कळते. धारदार चेन लाकडाचे कीस काढते, बोथट चेन पिठासारखा भुसा काढते. पीठ दिसू लागले की थांबून, त्या चेनसाठी सांगितलेल्या मापाच्या गोल कानशीने सर्व दात सारखे घासावेत. बोथट कटर दाबून चालवले की हात थकतो, आणि अपघाताची सुरुवात तिथूनच होते. बांधावरच्या झाडात जुन्या कुंपणाची तार, खिळे, म्हशी बांधायची कडी मुरलेली असते. कापण्याआधी साल चाचपून पाहावी. पात्याने मातीलाही शिवू नये.

३) अंगावर काय असावे

गळ्यात टॉवेल, उपरणे, सुटे धोतर, पायात चप्पल अशा वेषात कटर चालवू नये. चेनने कापडाचे टोक धरले की माणूस ओढला जातो. डोक्याला हेल्मेट, डोळ्यांपुढे जाळी, कानाला आवाज रोखणारे साधन, हातमोजे आणि टणक टोकाचे बूट एवढे तरी हवेच. कटरचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो. उघड्या कानाने रोज काम केल्यास बहिरेपणा येतो आणि तो बरा होत नाही. कटर कामाची खास पँट मिळते. तिच्या आतल्या लांब धाग्यांत चेन गुंतून जागीच थांबते. महाग वाटते, पण मांडीची मोठी रक्तवाहिनी तुटली तर तालुक्याचा दवाखाना गाठेपर्यंत वेळ उरत नाही. जखम दाबून बांधण्याचे स्वच्छ कापड आणि पट्ट्या कामाच्या जागी ठेवाव्यात. एकट्याने काम कधीच करू नये.

कटरची उसळी सर्वांत घातक असते. पात्याच्या टोकाचा वरचा भाग कशाला टेकला की कटर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उलटून तोंडाकडे येते. म्हणून पात्याच्या टोकाने कापू नये, दोन्ही हातांची पकड सोडू नये आणि खांद्याच्या वर कटर उचलून कापू नये.

४) झाड पाडण्याची रीत

करवत लावण्याआधी झाडाभोवती फिरावे. झुकाव कुणीकडे आहे, फांद्यांचा भार कुठे आहे, बुंधा पोकळ आहे का, वर वाळकी फांदी लटकते आहे का, वारा कसा आहे, हे पाहावे. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात कोणी माणूस, जनावर, पोर असू नये. झाड पडणार त्याच्या मागच्या बाजूला, तिरक्या दोन वाटा मोकळ्या करून ठेवाव्यात. झाड हलू लागले की त्या वाटेने मागे सरायचे. पाठ फिरवून पळायचे नाही.

कापायची रीत अशी. ज्या बाजूला झाड पाडायचे त्या बाजूला आधी पाचरीच्या आकाराची खाच घ्यावी. तिची खोली बुंध्याच्या जाडीच्या पाचव्या ते चौथ्या भागाइतकी असावी. मग मागून, खाचेच्या तळापेक्षा दोन बोटे वर, आडवा काप घ्यावा. हा काप खाचेपर्यंत नेऊन भिडवायचा नाही. मध्ये जाडीच्या दहाव्या भागाइतके लाकूड शिल्लक ठेवायचे. बुंधा ५० सेंटिमीटर जाड असेल तर खाच १० ते १२ सेंटिमीटर आणि शिल्लक लाकूड ५ सेंटिमीटर. ही शिल्लक पट्टी म्हणजे दाराची बिजागरी समजा. तिच्यावर झाड वळते व ठरल्या दिशेने पडते. बिजागरी तुटली की झाड कुणाचेच राहत नाही, वाटेल तिकडे जाते. मागच्या कापात लाकडी किंवा प्लॅस्टिकची पाचर ठोकावी, म्हणजे पाते अडकत नाही.

फार कललेले झाड नेहमीच्या रीतीने कापले तर बुंधा उभा चिरतो आणि मागचा भाग उसळून छातीवर येतो. असे झाड, तसेच दुसऱ्या झाडावर अडकून राहिलेले झाड, नवख्याने अंगावर घेऊ नये. अडकलेल्या झाडाखालून तर जाऊच नये.

ट्रॅक्टरने दोर लावून ओढायचे असल्यास दोर झाडाच्या उंचीपेक्षा बराच लांब हवा. आखूड दोर लावला तर झाड ट्रॅक्टरवरच येते. जेसीबीच्या बकेटमध्ये माणूस उभा करून फांद्या कापण्याची पद्धत गावोगाव दिसते. बकेट माती उचलायला केलेली आहे, माणूस उचलायला नाही. ती पद्धत बंद करावी.

५) फांदी छाटण्याची रीत

पुष्कळदा झाड तोडायची गरज नसते, दोन फांद्या काढल्या तरी काम भागते. ओल्या लाकडाचा एक घनमीटर साधारण टनाच्या आसपास भरतो. या हिशेबाने ३० सेंटिमीटर जाड आणि ३ मीटर लांब फांदीचे वजन दोनशे किलोच्या घरात जाते, म्हणजे ५० किलोची साखरेची चार पोती. ती एका कापात सोडली तर खाली येताना बुंध्याची सालही सोलून नेते.

म्हणून तीन काप घ्यावेत. पहिला काप खोडापासून फूटभर अंतरावर, खालून, जाडीच्या तिसऱ्या भागापर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. फांदी गळून पडली की उरलेला खुंट तिसऱ्या कापाने काढावा. फांदीच्या बुडाशी सालीचा फुगवटा असतो, त्याच्या बाहेरून हा काप घ्यावा. खोडाला घासून, सपाट कापू नये. अमेरिकेच्या वनखात्यातील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे चिरून पाहिली. झाड जखम भरून काढत नाही, तर जखमेभोवती आतून भिंती उभारून कूज कोंडून ठेवते, हे त्यांनी १९७७ साली मांडले. तो फुगवटा कापला की ही भिंत कमजोर होते आणि कूज खोडात शिरते. कापावर डांबर फासल्याने कूज थांबत नाही. फळबागेत बुरशीसाठी बोर्डो पेस्ट लावतात, ती कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे लावावी. एका वेळी झाडाचा चौथ्या हिश्शापेक्षा जास्त हिरवा भार काढू नये.

झाडावर चढणाऱ्याला कंबरपट्टा नाही, पूर्ण हार्नेस हवा. कापताना दोन ठिकाणी बांधलेले असावे, म्हणजे एक दोर चुकून कापला गेला तरी दुसरा धरतो. विहिरीवरचा जुना सोल यासाठी वापरू नये. कटर वर घेऊन चढू नये, ते मागून दोराने ओढून घ्यावे.

६) तार, मोहोळ आणि आग

विजेच्या तारेजवळ काम म्हणजे जीवाशी खेळ. ओल्या फांदीतून वीज उतरते. अकरा हजारांच्या तारेपासून माणूस, दोर, फांदी यांपैकी काहीही तीन मीटरच्या आत येणार असेल तर वीज कंपनीला कळवून, त्यांच्या माणसाने लाइन बंद करून ती जमिनीला जोडल्याशिवाय हात लावू नये. 'आता लाइट नाही, तेवढ्यात उरकून घेऊ' हे तर मुळीच नको. शेतीपंपाची वीज पाळीने येते, ती कधी येईल हे फांदीवरच्या माणसाला कळत नाही. स्वतः डीपी पाडून काम करणेही तितकेच धोक्याचे, कारण दुसरा कोणी येऊन तो पुन्हा चढवतो.

वड, पिंपळ, निलगिरीवर आग्या मोहोळ असते. कटरच्या हादऱ्याने ते उठते आणि हार्नेसमध्ये बांधलेल्या माणसाला पळता येत नाही. आधी वर नजर टाकावी, मोहोळ असेल तर काम पुढे ढकलावे.

वाळलेला ऊस किंवा पाचट जवळ असेल तर गरम कटर त्यावर ठेवू नये. पेट्रोल भरण्याआधी यंत्र थंड होऊ द्यावे, भरलेल्या जागेपासून तीन-चार पावले दूर जाऊन चालू करावे. विडी-काडी बंद. एका ठिणगीने स्वतःचाच काय, शेजाऱ्याचाही फड जातो.

७) हिशेब

आपल्याकडे 'तोडून दे आणि लाकूड घेऊन जा' हा व्यवहार चालतो. तो फुकट वाटतो, पण फुकट नाही. लाकूड हीच मजुरी ठरली की दोन फांद्या काढायच्या जागी तोडणारा अख्खे झाड पाडायला सांगतो, कारण त्याचा नफा लाकडात असतो. कामाचा दर रोखीने ठरवावा आणि लाकडाची किंमत वेगळी धरावी. यात दोघांचे हित आहे.

दर ठरवताना नुसते पेट्रोल मोजू नये. समजा कटर ३०,००० रुपयांना पडले आणि त्याने १,५०० तास काम दिले, तर झीजच तासाला २० रुपये झाली. त्यात पेट्रोल, दोन्ही ऑइल, चेन, कानस, गड्याची मजुरी, जाण्या-येण्याचा खर्च मिळवावा. पावसाळ्यात आणि वाऱ्यात दिवस रिकामे जातात, त्यांचाही भार चालू दिवसांवर पडतो. फांद्या उचलून जागा साफ करणे आणि बुंधा उकरणे यांचा दर आधीच वेगळा बोलावा. भांडण बहुधा यावरच होते. कोणते झाड, किती फांद्या, किती पैसे, कचरा कुणी न्यायचा, एवढे एका चिठ्ठीवर लिहून दोघांनी सही करावी.

ट्रॅक्टरच्या पीटीओवर चालणारे फांद्या बारीक करण्याचे यंत्र मिळते. काम वाढल्यावर चार-पाच जणांनी मिळून ते घेण्यास हरकत नाही. त्या चुऱ्याचे आच्छादन सरीत वरून पसरावे. कच्चा चुरा मातीत गाडू नये, तो कुजताना पिकाचे नत्र ओढून घेतो.

विम्याकडे दुर्लक्ष करू नये. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता २०२२ पासून वर्षाला २० रुपये आहे आणि अपघाती मृत्यूस २ लाखांचे संरक्षण मिळते. १८ ते ७० वयाच्या, बँकेत खाते असलेल्या प्रत्येकाला ती घेता येते. गड्याचाही विमा आहे की नाही, हे काम देणाऱ्या सभासदानेही विचारावे. गड्याला इजा झाली तर भरपाईचा प्रश्न तुमच्याही दारात येतो.

तरी सर्व सभासदांना विनंती की, पाणंदीवरची छाटणी हंगामाच्या तोंडावर घाईने न करता, पावसाने उघडीप दिल्याबरोबर उरकून घ्यावी. आणि सर्वांत स्वस्त माणूस न बघता, हेल्मेट घालून येणारा, दोर सोबत आणणारा आणि झाडाभोवती एक फेरी मारून मगच दर सांगणारा माणूस कामाला बोलवावा.

— शेतकी विभाग